गंधक काढायला झिओलाइट नेमका कुठे लागतो? पुस्तकांत तर सगळीकडे कोबाल्ट-मॉलिब्डेनमच आहे

जळगावची_अश्विनी

नमस्कार मंडळी. मी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या सत्राला आहे. सेमिनारचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटले आणि माझ्या वाट्याला आला 'खनिज तेलाच्या शुद्धीकरणात गंधक काढण्यासाठी झिओलाइट उत्प्रेरक'. (झिओलाइट म्हणजे रेणूंएवढ्या बारीक छिद्रांचा, सिलिकॉन-अल्युमिनियमचा स्फटिक.) दहा दिवस झाले, याच विषयात अडकले आहे.

ग्रंथालयात या विषयावरची तीन पुस्तकं मिळाली. तिन्हींत गंधक काढायची मुख्य रीत एकच दिली आहे, हायड्रोडिसल्फरायझेशन. अ‍ॅल्युमिनावर कोबाल्ट-मॉलिब्डेनम किंवा निकेल-मॉलिब्डेनम बसवायचं, वरून गरम तेल आणि हायड्रोजन सोडायचा, गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन निघून जातं. इथवर समजलं. पण यात झिओलाइट नाहीच! तो भेटतो थेट क्रॅकिंगच्या, म्हणजे जड तेलाचे मोठे रेणू तोडण्याच्या प्रकरणात, आणि तिथे गंधकाबद्दल दोन ओळीसुद्धा नाहीत. इंटरनेटवर शोधलं तर शेकडो शोधनिबंधांच्या शीर्षकात 'झिओलाइट' आणि 'गंधक' शेजारी शेजारी. मग खरं काय? कारखान्यात हे चालतं की फक्त प्रयोगशाळेत?

दुसरी शंका कदाचित बाळबोध वाटेल. झिओलाइटला आपण आण्विक चाळणी म्हणतो. मग डिझेल सरळ त्या चाळणीतून गाळून गंधक का काढत नाहीत? एवढा दाब, एवढं तापमान, एवढा हायड्रोजन कशासाठी?

माझे बाबा एसटीच्या आगारात मेकॅनिक आहेत. बीएस-६ (धुराच्या सरकारी मानकाच्या) गाड्या आल्यापासून धुराड्यातला फिल्टर आणि त्याचे सेन्सर हा त्यांचा रोजचा विषय. त्यामुळे हे १० पीपीएम, म्हणजे इंधनाच्या दहा लाख भागांत गंधकाचे दहाच भाग, प्रकरण आमच्या घरात जेवताना निघतं आणि मला त्यांनाही नीट सांगायचं आहे. कुणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया मदत करा.

निवृत्त_शिफ्ट_इनचार्ज

अश्विनी, तुझा प्रश्न बाळबोध नाही. तुला जे खटकलं ते खटकायलाच हवं होतं. मी ३१ वर्षं रिफायनरीत काढली, त्यातली शेवटची १४ डिझेल हायड्रोट्रीटरवर, म्हणजे हायड्रोजनने गंधक काढणाऱ्या युनिटवर. जे हाताखालून गेलं तेवढंच सांगतो.

आधी आकडा डोळ्यांसमोर आण. आखाती कच्च्या तेलातून निघालेल्या डिझेलमध्ये सव्वा टक्क्याच्या आसपास गंधक सहज असतं. २०० लिटरचं एक पिंप धर. त्यात सुमारे २ किलो गंधक. बीएस-६ म्हणजे १० पीपीएम, म्हणजे त्याच पिंपात दीड-पावणेदोन ग्रॅम. दोन किलोंवरून दीड ग्रॅम! १ एप्रिल २०२० पासून देशभर हेच डिझेल आहे. दिल्लीत दोन वर्षं आधीच आलं होतं. त्याआधी बीएस-४ ला ५० पीपीएम चालायचे, बीएस-३ ला ३५०. बाबांना सांग, गंधक जास्त राहिलं तर धुराड्यातल्या उत्प्रेरकावरचा मौल्यवान धातू निकामी होतो, म्हणून हा सगळा खटाटोप.

हे काम तुझ्या पुस्तकात आहे तसंच होतं. रिअ‍ॅक्टरमध्ये जाड शेवेचे तुकडे असावेत तशा कॅटॅलिस्टच्या (उत्प्रेरकाच्या) कांड्या भरतात, जाडी दीड मिलिमीटरच्या आतबाहेर. कोबाल्टचा माल निळसर येतो, निकेलचा हिरवट-पिवळा. सुरू करताना त्याला मुद्दाम गंधक पाजावं लागतं, मग तो काळा होतो आणि तेव्हाच कामाचा होतो, कारण खरं काम करतं ते मॉलिब्डेनम सल्फाइड. गंधक काढणाऱ्यालाच आधी गंधक द्यावं लागतं, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कुणी पटवून देऊ शकलं नव्हतं. तापमान साडेतीनशे अंशांच्या आसपास, दाब ५०-६० बार किंवा जास्त. बाहेर पडलेला हायड्रोजन सल्फाइड अमाइनच्या द्रावणात धरायचा, मग क्लॉस युनिटमध्ये त्याचा तिसरा हिस्सा जाळून उरलेल्याशी भिडवायचा की पिवळंधमक गंधक मिळतं.

मग झिओलाइट कुठे? त्यासाठी गंधकाची सगळी संयुगं सारखी नसतात हे कळलं पाहिजे. मर्कॅप्टन आणि सल्फाइड गंधक लगेच सोडतात. थायोफीन, ज्यात गंधक कड्यातच बसलेलं असतं, थोडं झगडतं. डायबेन्झोथायोफीन त्याहून जास्त. आणि सगळ्यात शेवटी उरतं ते ४,६-डायमिथाइल डायबेन्झोथायोफीन. आम्ही नुसतं 'चार-सहा' म्हणायचो. त्यात गंधकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मिथाइल बसलेला असतो, दाराच्या दोन्ही बाजूंना पहारेकरी असावेत तसा. गंधकाला कॅटॅलिस्टच्या काठाला टेकताच येत नाही. ५० पीपीएमला यातलं थोडं राहिलं तरी भागत होतं. १० म्हटल्यावर भागेना.

एक रात्र सांगतो. २०२० च्या आधीचा हिवाळा, आम्ही १० पीपीएमचा सराव करत होतो. दिवसभर प्रॉडक्ट ८ वर होतं. रात्री तीनला प्रयोगशाळेतून फोन, "साहेब, २८". मला वाटलं नमुन्याची बाटली खराब असेल. दुसरा नमुना पाठवला, २९. तापमान ठीक, दाब ठीक, हायड्रोजन पुरेसा. मग कळलं की संध्याकाळी फीडमध्ये (आत जाणाऱ्या तेलात) लाईट सायकल ऑइलचं प्रमाण वाढवलं होतं. हे क्रॅकरमधून येणारं, कड्याकड्यांच्या रेणूंनी भरलेलं तेल. चार-सहा आणि त्याची भावंडं त्यात ठासून भरलेली. एकूण गंधक फारसं वाढलंच नव्हतं, नुसती त्याची जात बदलली होती. ते तेल कमी केलं, रिअ‍ॅक्टर दोन-दोन अंशांनी वर नेला, सकाळी नऊला आकडा ९ आला. तोपर्यंत मी खुर्चीवर टेकलो नव्हतो.

या चार-सहावर दोन उपाय. एक, निकेल-मॉलिब्डेनम वापरून आधी एका कड्यात हायड्रोजन भरायचा. कडं सपाट राहत नाही, वाकतं, आणि गंधक मोकळं होतं. दुसरा उपाय तुझ्या कामाचा: उत्प्रेरकाच्या आधारात थोडा झिओलाइट मिसळायचा. झिओलाइट आम्लधर्मी. आम्ल त्या मिथाइलला उचलून शेजारच्या कार्बनवर सरकवतं. पहारेकरी बाजूला झाला की मॉलिब्डेनम आपलं काम करतं. म्हणजे गंधक झिओलाइट काढत नाही, तो वाट मोकळी करतो. तुझ्या पुस्तकांत आणि शोधनिबंधांत जो विरोध दिसतो तो इथे सुटतो.

तरी आम्ही तो भरभरून का वापरला नाही? आम्ल जास्त झालं की ते मिथाइल सरकवून थांबत नाही, डिझेलचेच तुकडे करतं. डिझेलचा नॅफ्था (पेट्रोलसारखं हलकं तेल) आणि गॅस होतो. वर कोक, म्हणजे कोळशासारखा थर, बसतो. आणि तेलातली नायट्रोजनची संयुगं आम्लावर जाऊन चिकटतात, की झिओलाइट झोपला. म्हणून हायड्रोक्रॅकरमध्ये (हायड्रोजन देऊन जड तेल तोडणाऱ्या युनिटमध्ये) बघ, वाय जातीचा झिओलाइट असतो, पण त्याच्या आधीच्या थरात अ‍ॅल्युमिनावरचं निकेल-मॉलिब्डेनम ठेवतात आणि गंधक-नायट्रोजन तिथेच उतरवून घेतात. तिथे झिओलाइट गंधक काढायला नसतोच. त्याला जपण्यासाठी गंधक-नायट्रोजन आधी काढावं लागतं.

पुण्याची_संशोधक

काकांनी चार-सहाचं फार नेमकं सांगितलं. चाळणीच्या शंकेबद्दल मी लिहिते, कारण माझी पीएच.डी.ची अडीच वर्षं त्याच चाळणीत गेली.

अश्विनी, गाळून गंधक काढायची कल्पना खुळी नाही. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या राल्फ यांग यांच्या गटाने सायन्स नियतकालिकात नेमकं हेच दाखवलं होतं: वाय झिओलाइटमधल्या सोडियमच्या जागी तांबं बसवायचं आणि साध्या तापमानाला, साध्या दाबाला, हायड्रोजनशिवाय इंधन त्यातून सोडायचं. मात्र ही नुसती चाळणी नाही. तांब्याचा एकभारित आयन थायोफीनच्या कड्यावर पसरलेल्या इलेक्ट्रॉनांना, म्हणजे पाय इलेक्ट्रॉनांना, धरून ठेवतो. आकाराने अडवणं वेगळं आणि हाताने धरणं वेगळं. सेमिनारमध्ये हा फरक पहिल्यांदा सांग.

मी सोडियम वाय घेऊन कॉपर नायट्रेटच्या द्रावणात दोन दिवस ढवळायचे, धुऊन वाळवायचे आणि मग हेलियममध्ये ४५० अंशांना तापवायचे. त्यात द्विभारित तांब्याचं एकभारित होतं. फिकट निळ्या पुडीचा रंग पालटला की जीव भांड्यात पडायचा. थोडी हवा लागली की तांबं परत द्विभारित, सगळा दिवस वाया. ऑक्टेनमध्ये थायोफीन मिसळून केलेल्या 'नमुना इंधना'वर आलेख इतका सुंदर आला की मी तो आईला फोनवर पाठवला होता. पहिले कित्येक तास बाहेर येणाऱ्या थेंबांत गंधक दिसतच नव्हतं. मग गाइडनी सांगितलं, आता त्यात टोल्युइन घाल. घातलं, आणि क्षमता कोसळली. टोल्युइनलाही कडं आहे, त्यालाही पाय इलेक्ट्रॉन आहेत, आणि ते थायोफीनच्या कितीतरी पट जास्त. मग पंपावरचं खरं पेट्रोल घेतलं. त्यात अ‍ॅरोमॅटिक, ओलेफिन (दुहेरी बंध असलेले रेणू), वर थोडा ओलावा, आणि पाणी तर झिओलाइटचं सगळ्यात आवडतं. झिओलाइटचा स्तंभ काही मिनिटांत भरला.

म्हणून रोज हजारो टन डिझेल अशा गाळणीतून जात नाही. गाळणी भरली की तापवून रिकामी करायची, तांबं परत एकभारित करायचं, पुन्हा भरायची. काकांच्या सव्वा टक्क्याच्या डिझेलला हे कधीच पुरणार नाही. जिथे आधीच १० पीपीएम आहे आणि त्याहून खाली, जवळजवळ शून्यावर न्यायचं आहे, उदाहरणार्थ इंधनघटासाठी (फ्युएल सेलसाठी), तिथे या पद्धतीचं मोल आहे. वायूंमध्ये मात्र चाळणी खरीखुरी चालते: नैसर्गिक वायू आणि एलपीजीतला हायड्रोजन सल्फाइड आणि मर्कॅप्टन काढायला ५ए, १३एक्स जातीचे झिओलाइट कारखान्यांत वर्षानुवर्षं वापरात आहेत. रेणू लहान, स्पर्धक कमी.

आकाराचं गणित वर्गात दाखवायला मी एक युक्ती वापरते. एक अँगस्ट्रॉम (रेणू मोजायचं माप, सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग) म्हणजे एक सेंटिमीटर धर. झेडएसएम-५ या झिओलाइटची खिडकी होते साधारण साडेपाच सेंटिमीटर, म्हणजे दोन-दोनची बांगडी. वाय झिओलाइटची ७.४ सेंटिमीटर, म्हणजे ७५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचं तोंड, आणि आत १२-१३ सेंटिमीटरची खोली. थायोफीन ही पाच-सव्वापाच सेंटिमीटरची चकती, बांगडीतून घासून का होईना जाते. चार-सहा म्हणजे सुमारे बारा सेंटिमीटर लांब आणि आठ-नऊ रुंद असं छोटं थालीपीठ. बांगडीतून जाणारच नाही. पाइपमध्ये आडवं बसणार नाही, टोकाकडून शिरलं तरी पुढे सरकणं महाकठीण. म्हणून आता बरंच काम मोठ्या छिद्रांच्या आधारांवर आणि झिओलाइटच्या स्फटिकातच वाफेने किंवा अल्कलीने रुंद वाटा पाडण्यावर चाललेलं आहे.

सिन्नरचा_दगडप्रेमी

विषयात थोडा घुसतो, माफ करा. माझा रसायनाशी संबंध नाही, पण झिओलाइट म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्याकडे विहीर खोदताना काळ्या दगडाच्या पोकळीत स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट निघतात. माझ्या कपाटात आजोबांच्या विहिरीतला पीच रंगाचा स्टिलबाइटचा गुच्छ आहे. अख्खं दख्खनचं पठार या खनिजांसाठी जगात नावाजलेलं, सिन्नरला गारगोटी संग्रहालयही आहे. मग हे आपले दगड रिफायनरीत का चालत नाहीत? आणि तुम्ही म्हणता ते पिवळं गंधक म्हणजे आम्ही द्राक्षावर भुरी रोगासाठी मारतो तेच का?

पुण्याची_संशोधक

घुसलात ते बरं केलंत! झिओलाइट हे नावच तुमच्या कपाटातल्या दगडामुळे पडलं. १७५६ मध्ये स्वीडनच्या अ‍ॅक्सेल क्रोन्स्टेट यांनी बहुधा स्टिलबाइटच फुंकनळीच्या ज्योतीत धरला. तो फसफसून फुगला, आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडलं. म्हणून ग्रीकमध्ये 'उकळणारा दगड'.

पण उत्प्रेरक म्हणून तो चालत नाही. त्याच्या वाटा वायपेक्षा अरुंद, आणि चांगलं तापवलं की त्याचा सांगाडा टिकत नाही. नैसर्गिक दगडात लोह, चुनखडी, चिकणमाती किती आणि कुठे असेल याचाही भरवसा नसतो. रिफायनरीत लागणारा वाय कारखान्यातच सिलिका, अ‍ॅल्युमिना आणि कॉस्टिकपासून पिकवतात, मग त्यातलं सोडियम अमोनियमने बदलून आणि वाफेत तापवून त्याला कणखर करतात. आजोबांचा गुच्छ कपाटातच असू द्या. त्याला आम्लाचा किंवा आचेचा हात लावू नका, ही विनंती.

आणि महाराष्ट्राचं झिओलाइटशी नातं फक्त दगडांचं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी यांच्या गटाने १९८० च्या दशकात झायलीनसाठी एन्सिलाइट नावाचा झिओलाइट उत्प्रेरक बनवला आणि तो बडोद्याला आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीच्या कारखान्यात चालला. गंधकाशी त्याचा संबंध नाही, पण प्रयोगशाळेतली पुडी कारखान्यापर्यंत जाते याचं हे आपल्या घरचं उदाहरण आहे.

निवृत्त_शिफ्ट_इनचार्ज

सिन्नरकर, भुरीचं गंधक तेच. आज बाजारात येणारं बहुतेक गंधक तेल आणि नैसर्गिक वायू शुद्ध करतानाच मिळतं. साखर कारखान्यात रस स्वच्छ करायला जाळतात तेही बहुतेक असंच आलेलं. क्लॉस युनिटच्या खड्ड्यात ते वितळलेलं, लालसर मधासारखं वाहताना पाहिलं की इतकी वर्षं झाली तरी मी थांबून बघायचो.

अश्विनी, पेट्रोलची बाजू राहिली होती, आणि झिओलाइटचं खरं राज्य तिकडे आहे. पेट्रोलमधलं बहुतेक गंधक एकाच ठिकाणाहून येतं, क्रॅकरच्या नॅफ्थातून. क्रॅकरमध्ये वाय झिओलाइटची पूड असते, मैद्यासारखी बारीक. १९६० च्या दशकात मोबिल कंपनीच्या चार्ल्स प्लँक आणि एडवर्ड रोझिन्स्की यांनी क्रॅकरमध्ये झिओलाइट आणला आणि जगभरच्या क्रॅकरांचं रूप पालटलं. तेलाशी तिची गाठ दोन-चार सेकंदांची, मग सातशे अंशांच्या भट्टीत कोक जाळून परत. त्या दोन-चार सेकंदांत बाहेरून हायड्रोजन न देतासुद्धा फीडमधल्या गंधकाचा मोठा भाग हायड्रोजन सल्फाइड होऊन सुटतो. हे झिओलाइटचं आम्लच करतं. तुझ्या पुस्तकांत त्या दोन ओळी नाहीत, तू त्या तुझ्या सेमिनारमध्ये घाल. थायोफीन मात्र टिकतं आणि नॅफ्थात उतरतं.

आता हा नॅफ्था डिझेलसारखा हायड्रोट्रीट केला तर गंधक जातं, पण त्यातले ओलेफिनही हायड्रोजन पिऊन बसतात आणि ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याचा आकडा, पडतो. पंपावर तर ठरलेला आकडा द्यायचाय. एक वाट अशी की हलका आणि जड भाग वेगळे करायचे, कारण ओलेफिन हलक्यात जास्त आणि थायोफीनची मंडळी जडात जास्त. दुसरी मोबिलने काढली, ऑक्टगेन: आधी गंधक पूर्ण काढा, ऑक्टेन पडू द्या, मग झेडएसएम-५ जातीच्या झिओलाइटवर सरळ साखळ्या तोडून-वाकवून तो ऑक्टेन परत मिळवा. त्या दोन-दोनच्या बांगडीतून सरळ साखळ्याच सहज शिरतात, आणि कमी ऑक्टेन असतो तो त्यांचाच. मला ही कल्पना सगळ्यात देखणी वाटते. यातही गंधक काढणारा दुसराच, झिओलाइट नुकसान भरून देणारा.

आणि एक सांगायचं राहिलं. किपच्या उपकरणावर हायड्रोजन सल्फाइड करत असाल तर धूरकपाटाबाहेर कधीही नको. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका रिफायनरीत मी तरुण असताना आंबट पाण्याचा (हायड्रोजन सल्फाइड विरघळलेल्या पाण्याचा) नमुना घ्यायला एकटा गेलो होतो. सडक्या अंड्याचा वास आला, आणि थोड्या वेळाने येईनासा झाला. मला वाटलं वाऱ्याने नेला. तो वारा नव्हता, माझं नाक बधिर झालं होतं. १०० पीपीएमच्या आसपास असंच होतं. खाली उतरताना गुडघे वळेनात. वरच्या मजल्यावरच्या फिटरने मला ओढत वाऱ्याच्या उलट दिशेला नेलं, म्हणून आज हे लिहितोय. वास थांबला तर हवा स्वच्छ झाली असं समजू नकोस, तिथून निघ.

जळगावची_अश्विनी

काका, ताई, सिन्नरचे दादा, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईची दोन-दोनची बांगडी, घराच्या मागे पडलेला पाइपचा तुकडा आणि पुठ्ठ्याचं थालीपीठ घेऊन बसले होते. बाबांनी स्वतः ते पाइपमध्ये घालून पाहिलं. म्हणाले, "म्हणजे फिल्टर वाचवायला त्या दोन मिथाइलना सरकवायचं." मला दहा दिवसांत जमलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात मांडलं.

आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, शीर्षक बदलता येणार नाही, पण पहिल्याच स्लाइडवर तुझं म्हणणं लिही. तर मी लिहिलंय: 'गंधक काढतं ते बहुतेक ठिकाणी मॉलिब्डेनम सल्फाइड. झिओलाइट रेणूची ठेवण बदलतो, क्रॅकरमध्ये काही गंधक सोडवतो, गेलेला ऑक्टेन परत आणतो आणि लहान रेणू धरून ठेवतो.' यात चूक असेल तर सांगा. गुरुवारी सादरीकरण आहे.

निवृत्त_शिफ्ट_इनचार्ज

चूक नाही. चार-सहाची आकृती संगणकावरून चिकटवू नकोस, फळ्यावर हाताने काढ आणि मिथाइल सरकवून दाखव. एक प्रश्न नक्की येईल: एवढा हायड्रोजन आणता कुठून? थोडा नॅफ्थाच्या रिफॉर्मरमधून (नॅफ्थाचा ऑक्टेन वाढवणाऱ्या युनिटमधून) फुकटात मिळतो, उरलेला नैसर्गिक वायू किंवा नॅफ्था वाफेबरोबर ८०० अंशांच्या वर निकेलवरून नेऊन बनवावा लागतो. आणि तो फीड त्या निकेलवर जाण्याआधी त्यातलंही गंधक काढावं लागतं, आधी कोबाल्ट-मॉलिब्डेनमवर, मग झिंक ऑक्साइडच्या थरात.